वाचकांचे प्रश्न : ओमाहात आधी बोलावे लागते तेव्हा

प्रश्न : मी गोव्यात 100-200 ब्लाइंडच्या (दोन खेळाडूंनी आधीच भरायच्या सक्तीच्या रकमा) पॉट-लिमिट ओमाहा कॅश गेममध्ये खेळतो, म्हणजे चार पत्त्यांचे पोकर, ज्यात हातातले दोन आणि टेबलावरचे तीन पत्ते मिळून हात बनतो. परवा स्मॉल ब्लाइंडवर (100 भरणाऱ्या जागेवर) माझ्याकडे बदामची राणी-नव्वी, इस्पिकची अठ्ठी आणि चौकटची सत्ती होती. बटणावरच्या (टेबलावर पत्ते पडल्यावर शेवटी बोलणाऱ्या) खेळाडूने 700 केले, मी कॉल केला (तेवढेच भरले) आणि बिग ब्लाइंडने (200 भरणाऱ्याने) पत्ते टाकले. फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांत) इस्पिकची राणी आणि किलवरची नव्वी-चौकी आली. मी 1,600 चा पूर्ण पॉट (मध्ये जमलेल्या पैशांएवढी रक्कम) लावला, त्याने कॉल केला. टर्नला (चौथ्या पत्त्याला) किलवरचा राजा आला. मी चेक केले (पैसे न लावता पाळी सोडली), त्याने 4,800 लावले, मी कॉल केला. रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पत्त्याला) दुर्री आली, त्याने माझ्यासमोर उरलेल्या 12,900 एवढी रक्कम लावली आणि मी पत्ते टाकले. दोन वरच्या जोड्या असूनही 20,000 मधले 7,100 गेले. चूक कुठे झाली?

उत्तर : रिव्हरला पत्ते टाकण्यात काहीच चूक नव्हती. टर्नचा कॉल मात्र हिशोबात बसत नाही. त्या क्षणी फ्लश (एकाच प्रकारचे, इथे किलवरचे, पाच पत्ते) आणि गुलाम-दश्शीचा सीक्वेन्स दोन्ही पूर्ण झाले होते आणि आपल्याला फुल हाउस (तीन सारखे पत्ते आणि एक जोडी) देणारे पत्ते, म्हणजे दोन राण्या आणि दोन नव्व्या, न दिसलेल्या 44 पत्त्यांत फक्त चार होते. अकरातून एकदा लागणाऱ्या पत्त्यासाठी आपण 4,800 मोजले. तो लागल्यावर समोरच्याने प्रत्येक वेळी आपले सगळे 12,900 भरले असते, असे मानले तरी हा व्यवहार तोट्याचाच राहतो.

फ्लॉपवरच्या बेटमागचा विचार मला समजतो : समोरच्याला पुढचा पत्ता फुकट पाहू द्यायचा नाही. पण पॉट-लिमिटमध्ये पॉटपेक्षा जास्त लावता येत नाही, त्यामुळे कॉल करणाऱ्याला दोनास एक हा भाव मिळतोच. समजा, त्याच्याकडे किलवरचा एक्का-गुलाम आणि चौकटची दश्शी-अठ्ठी होती. मग आपले आणि त्याचे पत्ते वगळून उरलेल्या 41 पत्त्यांपैकी 17 पत्ते त्याला टर्नलाच आपल्या पुढे नेतात. असा हात पॉटएवढ्या बेटने हटत नाही, उलट पॉट तिपटीने वाढतो, आणि त्या वाढलेल्या पॉटमध्ये टर्न आणि रिव्हर या दोन्ही वेळी आधी बोलण्याची पाळी आपलीच असते. त्याला जे हवे होते ते आले की नाही, हे त्याला ठाऊक असते आणि आपल्याला केवळ अंदाज करावा लागतो. म्हणून सोबत कोणताही ड्रॉ (पुढच्या पत्त्याने पूर्ण होऊ शकणारा फ्लश वा सीक्वेन्स) नसलेल्या दोन जोड्यांवर, पोझिशन (शेवटी बोलण्याची पाळी) नसताना, फ्लॉपला चेक करून फार तर एकदा कॉल करावा आणि वाईट टर्न आला की थांबावे, असे माझे मत आहे.

तरीही खरी चूक फ्लॉपच्या आधीची आहे, आणि या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच. राणी-नव्वी-अठ्ठी-सत्ती हा हात दिसायला जुळलेला आहे, पण त्याचा फ्लश राणीपर्यंतच पोहोचतो आणि त्याचे सीक्वेन्स पुष्कळदा खालच्या टोकाचे असतात. ओमाहात प्रत्येकाजवळ चार पत्ते, म्हणजे दोन-दोन पत्त्यांच्या सहा जोड्या असल्याने नट्सपेक्षा (त्या वेळी शक्य असलेल्या सर्वोत्तम हातापेक्षा) एक पायरी खालच्या हातावरच मोठे पैसे जातात. बटणावरून असा हात खेळता येतो, कारण तिथे समोरच्याचे चेक वा बेट पाहून पॉट लहान ठेवणे आपल्या हातात असते. स्मॉल ब्लाइंडवरून तो टाकावा. शंभर आधीच भरले आहेत हा विचार उरलेले 600 भरण्याचे कारण ठरू शकत नाही. तिथून कॉलसाठी एक्क्यासह फ्लश होणारे, चारही पत्ते एकमेकांना धरून असणारे, शक्यतो दोन रंगांत जोड्या असलेले हात ठेवावेत. बिग ब्लाइंडची गोष्ट थोडी वेगळी आहे : तिथे 500 च भरायचे असतात आणि आपल्यामागे रेझ करणारा (रक्कम वाढवणारा) कोणी उरलेला नसतो, म्हणून थोडे अधिक हात चालतात.

प्रश्न : मग एक्क्यांची जोडी आली तर स्मॉल ब्लाइंडवरून पुन्हा रेझ करावा का?

उत्तर : 20,000 च्या स्टॅकला (समोर असलेल्या रकमेला) करावा. पूर्ण पॉटचा रेझ 2,300 होतो. बटणाने कॉल केल्यास पॉट 4,800 होतो आणि प्रत्येकासमोर 17,700 उरतात. फ्लॉपला पॉट लावला आणि कॉल झाला, तर पॉट 14,400 आणि समोर 12,900, म्हणजे टर्नलाच सगळे आत जाते आणि रिव्हरला आधी बोलण्याचा प्रश्नच उरत नाही. समोर 60,000 असतील तेव्हा हेच गणित उलटते, कारण टर्नच्या पॉटनंतरही 38,500 शिल्लक राहतात, फ्लॉप, टर्न आणि रिव्हर या तीनही वेळी आधी बोलावे लागते आणि आपल्याकडे एक्के आहेत हे समोरच्याने ओळखलेले असते. अशा वेळी एक्क्यांच्या सोबतचे दोन पत्ते रंगाने किंवा क्रमाने जुळत नसतील, तर मी नुसता कॉल करतो.