इराणमधलं तफ्त हे शहर आहे की खेडं? लोकसंख्या किती आणि इतिहास काही आहे का?

शहर. 2016 च्या जनगणनेत 18,000 च्या थोडी वर वस्ती होती, त्याच्या दहा वर्षं आधी 15,000 च्या वर. म्हणजे वाढतंय. यज्द शहराच्या नैर्ऋत्येला, शीरकूह डोंगराच्या पायथ्याशी. डोंगरातलं पाणी जमिनीखालून खोदलेल्या कनातींतून उतरतं, त्यावर डाळिंबाच्या बागा. एवढं कुणीही सांगेल. पण ‘इतिहास काही आहे का’ हे वाचून राहवलं नाही, कारण हाच प्रश्न आमच्या घरात गेली कित्येक वर्षं माझे काका विचारतात.

आम्ही पुण्यातले इराणी, म्हणजे इराणमधून आलेले जरथुष्ट्री. आजोबा तफ्तचे. काका मात्र कुणाचीही ओळख झाली की सांगतात, ‘आम्ही यज्द सिटीचे.’ त्यांच्याकडे आजोबांच्या घराचा एक जुना फोटो आहे. बुटक्या भिंती, बारीकसं दार, छपरावर बादगीर, म्हणजे वारा घरात ओढून घेणारा मनोरा, नाही. काकांचं म्हणणं, ‘बादगीर नाही म्हणजे खेड्यातलं भणंग घर. असल्या ठिकाणाचं नाव काय सांगायचं?’ माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांसमोर हा फोटो निघाला आणि मी जेवण अर्धवट टाकून भांडलो. बायको अजून ऐकवते.

अहो, जरथुष्ट्र्यांना बादगीर बांधायला बंदी होती! एकोणिसावं शतक संपत येईपर्यंत यज्दच्या मुलखात ही रीत होती. भिंतींची उंचीसुद्धा ठरलेली: मुसलमान माणसाचा हात वर केल्यावर पोचेल इतकीच. गावात गाढवावर बसायचं नाही, कपडे फिक्या-पिवळ्या रंगाचे. त्यावर जिझिया होताच. मुंबईच्या पारशांनी 1854 साली मानेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठवलं, त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली, तेव्हा कुठे 1882 मध्ये इराणच्या नासिरुद्दीन शाहनं जिझिया रद्द केला. शिवाय 1870 च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ. लोक निघाले ते या सगळ्यापायी. इराणी लोक मुंबईत ‘धंद्यासाठी’ आले हे काकांचं लाडकं वाक्य आहे. आजोबांनी सुरुवातीला दुसऱ्याच्या हॉटेलात कपबश्या विसळल्या, हे ते सांगत नाहीत.

आणि मोठेपणाच हवा असेल तर तोही घ्या. शाह नेमतुल्ला वली या सूफींची खानकाह, म्हणजे मठ, तफ्तला होती. त्यांनाच बहमनी सुलतान अहमदशाहनं दख्खनला बोलावलं. ते स्वतः आले नाहीत, नातवाला पाठवलं. पुढे 1431 मध्ये ते वारले आणि मुलगा खलीलुल्ला बीदरला आला. त्याचं चौखंडी नावाचं थडगं आजही तिथे उभं आहे. म्हणजे आमच्या हॉटेलातला पहिला ब्रून-मस्का लागण्याआधी चारशे-साडेचारशे वर्षं या गावचं नाव दख्खनमध्ये पोचलं होतं. लोकसंख्येवरून गावाची किंमत करणारे लोक मला मुळीच पटत नाहीत.

मी स्वतः जाऊन आलोय. जरथुष्ट्री मोहल्ल्यात बरीच दारं कुलूपबंद. ज्या म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला आत घेतलं, त्यांची मुलं तेहरानला आणि कॅनडात. तेव्हा वरचा आकडा वाढला म्हणून आमचे लोक वाढले असं समजू नका.

हां, आजोबांचं घर नेमकं कधी बांधलं याचा कागद माझ्याकडे नाही, बंदी उठल्यानंतरचंही असू शकेल. काका हे लगेच पकडतील. पकडू देत.

जायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा, डाळिंबं तेव्हाच. मुक्काम यज्दला करा, तिथून टॅक्सीनं अर्ध्या तासाच्या आसपास. निघण्याआधी तिकडची परिस्थिती मात्र बघून घ्या. आणि काका, हे वाचत असाल तर तिकीट मी काढतो, तुम्ही पासपोर्ट तेवढा नवा करून घ्या.