नागपूरहून खास फ्लेमिंगो बघायला ठाण्याच्या खाडीत गाईडवाल्या ग्रुपसोबत जाणं वर्थ आहे का?

तुम्ही म्हणताय आजवर नागपूरचे अंबाझरी आणि गोरेवाडा तलाव सोडून कुठे पक्षी बघितले नाहीत, मग एवढ्या लांब ग्रुपसोबत जावं की आपलं आपणच जाऊन यावं. ग्रुपसोबतच जा भाऊ. फक्त तारीख सुट्टी बघून नका ठरवू, भरती-ओहोटी बघून ठरवा.

हे मी ठेच खाऊन सांगून राहिलो. पहिल्यांदा एका लग्नासाठी ठाण्याला गेलो होतो, दुसऱ्या दिवशी रविवार मोकळा होता म्हणून एकटाच मुंबईत खाडीकाठच्या शिवडीच्या जेट्टीवर पोचलो अकरा वाजता, तर पूर्ण ओहोटी, समोर नुसता चिखल आणि पार तिकडे लांब एक गुलाबी रेघ. तेच फ्लेमिंगो. आपल्याकडे कसं, तलावाचं पाणी जिथे काल होतं तिथेच आज असते, नागपूरजवळच्या पारडगाव तलावावर हिवाळ्यात बारहेडेड गूज (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) बघायचे तर सकाळी उजाडता जा, बस. खाडीत पाणीच जागा बदलते आणि पक्षी त्याच्या मागे फिरतात. ओहोटीला ते चिखलात लांब पसरतात, पूर्ण भरतीला चिखल बुडतो मग उडून नवी मुंबईच्या पाणथळ जागांवर जाऊन बसतात. भरती चढून राहिली असते तेव्हा ते काठाकडे सरकत येतात, ती वेळ पकडायची. आणि ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते, त्यामुळे मागच्या आठवड्यात गेलेल्या मित्राने सांगितलेली वेळ तुमच्या काही कामाची नाही.

दुसऱ्यांदा शहाणा झालो आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ग्रुपसोबत बोटीने गेलो. तिथे बोटीची वेळ भरती बघूनच ठरते. ही खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत पण आली, पण खरं सांगू, एका बाजूला पूल, दुसरीकडे विजेचे टॉवर, वास तर विचारूच नका, आणि मधे हजारो फ्लेमिंगो मान खाली घालून चोच उलटी करून चिखल गाळून राहिले, हे दृश्य डोक्यातून जातच नाही. सगळे गुलाबी असतील असं समजू नका, लहान वयाचे मळकट पांढुरके दिसतात. बुटके आणि गडद लालसर चोचीचे ते लेसर फ्लेमिंगो, उंच आणि गुलाबी चोचीला काळं टोक असलेले ते ग्रेटर फ्लेमिंगो.

पण गाईडचे पैसे फ्लेमिंगोसाठी वसूल नाही होत, ते तर कुणालाही दिसतात. चिखलातल्या बारक्या मातकट पक्ष्यांसाठी गाईड पाहिजे. मला शेकाट्या आणि एक-दोन तुतारी पक्षी ओळखता येत होते, बाकी सगळे सारखेच. गाईड म्हणाला रंग सोडा सर, चोच बघा आणि खातो कसा ते बघा, वर वाकलेली चोच पाण्यात आडवी फिरवतो तो अव्होसेट, खाली वाकलेली लांबच लांब तो कर्ल्यू, लांब सरळ चोच मुळापर्यंत खुपसतो तो गॉडविट, आणि उडाला की पंखावर पांढरी पट्टी अन् शेपटी काळी, म्हणजे काळ्या शेपटीचा गॉडविट. अर्ध्या तासात मी बाजूच्या काकूंना सांगायला लागलो होतो!

बुक करायच्या आधी एका गाईडमागे किती लोकं ते नक्की विचारा. आमच्यात बावीस होते, मागे बसलेल्यांना काही ऐकू येत नव्हतं आणि फोटोसाठी सगळे एका बाजूला सरकले की बोटवाला ओरडायचा. दुर्बीण ८ बाय ४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) न्या, माझी १० बाय ५० हलत्या बोटीत नुसती नाचत होती. फेब्रुवारी-मार्च बरा, फ्लेमिंगो भरपूर असतात आणि बाकी पाहुणे पक्षी पण गेलेले नसतात. विदर्भ एक्सप्रेसने रात्रभरात ठाणे, तिथून ऐरोली जवळच. ऊन आपल्यापेक्षा कमी वाटते पण घामाने जीव जातो, पाणी जास्त ठेवा.

आणि टोपीला दोरी लावा. माझी अजून खाडीतच आहे.