भारतातलं घर विकून झालंय. इंग्लंडमध्ये आता 'फर्स्ट टाइम बायर' म्हणून मॉर्गेज मिळेल का?

बँकेच्या लेखी मिळेलही. सरकारच्या लेखी तुम्ही 'फर्स्ट टाइम बायर' नाही आणि यापुढे कधी होणारही नाही. नाशिकचा फ्लॅट २०१६ मध्ये विकला, आज नावावर काही नाही, हे तुम्ही लिहिलंय ते ठीक. पण पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना मिळणाऱ्या स्टॅम्प ड्युटीच्या सवलतीसाठी आजचं विचारतच नाहीत. जगात कुठंही, कधीही, निवासी घराची मालकी होती का, एवढंच विचारतात. विकत घेतलेलं, बक्षीस मिळालेलं, वारसानं आलेलं, सगळं त्यात येतं. हिस्सा केवढासा होता, हेही कुणी बघत नाही.

हे शेवटचं मला २०१९ मध्ये कळलं, म्हणून एवढं लिहायला बसलेय.

माझे वडील २०१२ मध्ये गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. कराडजवळच्या गावात आजोबांनी बांधलेलं माडीचं घर, मागं गोठा. वारस आई, दादा आणि मी. २०१४ च्या मे महिन्यात पंधरा दिवसांची रजा काढून गेले, तर हक्कसोडपत्र टाइप करून तयार होतं. आई म्हणाली, "बहीणभावात हिशेब नको गं, माहेर राहतंय ना तुला." दादा म्हणाला, "नुसती सही तर करायचीय. तुझं काय जातंय त्यात?" दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो काढला, अंगठा घेतला. २०० रुपये मुद्रांक. घरी आल्यावर वहिनीनं ओटी भरली, साडी दिली. कागदात लिहिलं होतं, 'विनामोबदला व राजीखुशीने'. वाचून दाखवताना राजीखुशीपाशी माझा आवाज अडकला होता. तरी सही केली.

पाच वर्षांनी लंडनजवळच्या स्लाउमध्ये ४ लाख १० हजार पौंडांचं घर ठरलं. सॉलिसिटरबाईंनी प्रश्नावली पाठवली. याआधी घराची मालकी होती का, या प्रश्नापुढं मी बिनदिक्कत 'नाही' लिहिलं. खालच्याच ओळीत होतं, वारसाहक्कानं, परदेशात? मी फोन केला. म्हटलं, दोन वर्षं नावापुरता एक हिस्सा होता, लग्नानंतर त्या घरात पाहुणी म्हणूनच गेलेय, एक रुपया मिळालेला नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, वडील गेल्यावर तो हिस्सा कायद्यानं तुमचा झाला होता का? मी हक्कसोडपत्र काढलं. त्यात स्वच्छ शब्दांत होतं की सदर मिळकतीत लिहून देणार यांचा अविभक्त हिस्सा आहे. जे आपलं नाही त्याचा हक्क सोडता येत नाही. म्हणजे मी मालकीण होते याचा पुरावा मीच सही करून ठेवला होता. माहेरी कुणालाच मी त्या घराची मालकीण वाटले नव्हते, मला स्वतःलाही नाही. इंग्लंडच्या एका फॉर्मनं मला ते सांगितलं.

सवलत मिळाली असती तर ५,५०० पौंड भरायचे होते. आम्ही १०,५०० भरले. नवऱ्याच्या नावावर कधीच काही नव्हतं, पण दोघं मिळून घेत असाल तर दोघंही पहिल्यांदाच घेणारे असावे लागतात. एकामुळं दोघांची सवलत जाते.

मॉर्गेज ब्रोकरनं लगेच वाट सुचवली. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर घ्या, त्याच्या पगारावर कर्ज बसतंय, ५,००० वाचतील. एकाच्याच नावावर घर घ्यायला कायद्याची हरकत नाही. नवराही म्हणाला, "नाव काय गं, घर तर दोघांचंच आहे." हे मी आधी ऐकलेलं होतं. डिपॉझिटमधले, म्हणजे कर्जाशिवाय आपल्या खिशातून भरायचे, निम्म्याहून जास्त पैसे माझे. वर बँकेची अट अशी, की घरात राहणाऱ्या आणि कागदावर नाव नसलेल्या सज्ञान माणसानं बँकेच्या हक्कापुढं आपला हक्क मागं राहील असं लिहून द्यायचं. म्हणजे दुसरं हक्कसोडपत्र. मी नाही म्हटलं. दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही, मग दोघांच्या नावानं ऑफर गेली. ते ५,००० पौंड दिल्याचं मला एकदाही वाईट वाटलेलं नाही. म्हणून माझा सल्ला: बायको कमावती असेल, तिचे पैसे लागणार असतील, तर सवलतीसाठी तिचं नाव वगळू नका. तुमच्या बाबतीत उलटं आहे, आधीचं घर तुमच्या नावावर होतं, म्हणजे बायकोच्या एकटीच्या नावानं घेतलं तर सवलत मिळू शकते. जरूर विचार करा. मात्र त्याआधी तिच्या माहेरचं विचारा. तिचे वडील हयात नसतील आणि घर वडिलांच्या नावावर असेल, तर 'मला काही मिळालं नाही' हे तिचं उत्तर पुरेसं नाही.

आता आकडे. १ एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमध्ये सवलत ३ लाख पौंडांपर्यंत शून्य आणि पुढं ५ लाखांपर्यंत ५ टक्के अशी आहे. ३ ते ५ लाखांमधल्या कुठल्याही घराला तुमचं नुकसान बरोबर ५,००० पौंडांचं. घर ५ लाखांच्या वर असेल तर ही सवलत कुणालाच नाही, तेव्हा झोप घालवू नका. वेल्समध्ये अशी सवलतच नाही, स्कॉटलंडमध्ये फरक जास्तीत जास्त ६०० पौंडांचा.

लाइफटाइम आयसा (सरकारी बोनस मिळणारं बचत खातं) उघडला असेल तर जपा. तिथंही 'कधीही, कुठंही' हीच कसोटी आहे. घरासाठी म्हणून तुम्हाला तो वापरता येणार नाही, आणि साठीच्या आत नुसते काढायला गेलात तर ४,००० भरून बोनससकट झालेल्या ५,००० मधले ३,७५० हातात पडतात.

बँकांचं म्हणाल तर प्रत्येकीची व्याख्या वेगळी. काही जणी गेल्या काही वर्षांत घर होतं का एवढंच बघतात. व्याजदर मुख्यतः डिपॉझिट किती टक्के आहे त्यावर ठरतो, त्यामुळं या शिक्क्याची फार काळजी नको. ब्रोकरला नाशिकचं खरं सांगून विचारा. 'भारतातलं कोण बघतंय' म्हणणारे भेटतील. ऐकू नका. स्टॅम्प ड्युटीच्या रिटर्नमधल्या मजकुराची जबाबदारी तुमचीच असते.

एक सांगायचं राहिलं, नाहीतर दादावर अन्याय होईल. मी सही केली नसती तरी सवलत गेलीच असती, कारण हिस्सा वडील गेले त्याच दिवशी आला होता. उलट दादा म्हणतो, हिस्सा ठेवला असतास तर दुसऱ्या घराचा जादा कर बसला असता, तेव्हाचा ३ टक्के, ऑक्टोबर २०२४ अखेरपासून ५. तो कर दुसऱ्या मालमत्तेतला हिस्सा ४० हजार पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल तरच बसतो, आणि गावातल्या त्या घराचा माझा हिस्सा कसाही मोजला तरी तिथवर जात नव्हता. हे मी त्याला आकडे मांडून दाखवलंय. 'तुझं काय जातंय' या प्रश्नाचं उत्तरही तेव्हाच दिलं: हिस्सा गेला, आणि हिस्सा होता म्हणून सवलतही गेली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं." मलाही नव्हतं. तुमची बहीण इकडं असेल आणि गावाकडं असा कागद व्हायचा असेल, तर तिला बोलवण्याआधी सगळं सांगा आणि तिच्या हिश्शाची किंमत तिच्यासमोर काढा.