फायब्रॉइड पाच सेंटीमीटरचा निघालाय, आता पिशवी काढावीच लागेल का?

सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, निघाला की बायका माझ्याकडे येतात आणि जवळपास सगळ्याच हे विचारतात की हा कॅन्सर तर नाही ना आणि पिशवी काढावीच लागणार का. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, ऑपरेशन करा किंवा नका करू हे मी सांगत नाही. पण माणूस घाबरलेला असला की डॉक्टरांचं अर्धं बोलणं डोक्यावरून जातं, ते परत शांतपणे समजावणं आणि पुढच्या वेळी काय विचारायचं ते ठरवायला मदत करणं हे माझं काम. त्यातलीच ही एक केस, ताईंची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताईंचं वय त्रेचाळीस, मुलं मोठी झालेली. रिपोर्टमध्ये तीन गाठी, सर्वात मोठी ५.२ सेंटीमीटर, आणि हा ५.२ आकडा घरात सगळ्यांना तोंडपाठ. मिस्टर म्हणत होते एवढी मोठी गाठ आत ठेवायचीच कशाला, जाऊबाई म्हणत होत्या माझ्या आईने पिशवी काढली आणि सुटली एकदाची. ताई स्वतः काही बोलतच नव्हत्या, फक्त फाइल घट्ट धरून बसलेल्या.

आधी कॅन्सरचं बोललो कारण ती भीती डोक्यात असताना बाकीचं काही ऐकूच येत नाही. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचीच वाढलेली गाठ, आणि पन्नाशीपर्यंत बहुतेक बायकांना लहानमोठी होतेच, कितीतरी जणींना ती आहे हे आयुष्यभर कळतही नाही. फायब्रॉइड म्हणून दिसलेली गाठ कॅन्सरची निघणं फार दुर्मिळ, हजारात एकही नाही असं साधारण सांगतात. दुर्मिळ म्हणजे शून्य नाही हेही मी सांगते, पाळी गेल्यानंतर गाठ वाढायला लागली किंवा परत रक्त दिसलं तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

मग पाळीचं विचारलं. म्हणाल्या, "नॉर्मल आहे, थोडं जास्त जातं पण माझं पहिल्यापासून तसंच आहे." हे "पहिल्यापासून तसंच" आलं की मी तिथेच थांबते. किती दिवस? आठ-नऊ. पॅड किती वेळाने बदलता? दुसऱ्या दिवशी तासाभराने, रात्री दोन लावून झोपते तरी उठावं लागतं. रक्ताच्या गाठी पडतात? हो, मोठ्या पडतात. दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडता? नाही, त्या दिवशी कुठलं काम ठेवतच नाही मी. आणि हे सगळं इतक्या सहज सांगत होत्या की जणू दुसऱ्याच कोणाचं चाललंय.

फाइलमध्ये मागे रक्ताचा रिपोर्ट होता, हिमोग्लोबिन ७.६. त्याच्याकडे घरात कोणी बघितलंच नव्हतं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया आणि ८ च्या खाली म्हणजे तीव्र ॲनिमिया. जिना चढताना दम लागणं, धडधडणं, केस गळणं, सारखी चिडचिड हे सगळं त्यांनी वयाच्या खात्यात टाकलेलं. म्हणजे घरभर ५.२ ची चर्चा आणि खरा त्रास ज्या आकड्यात होता तो फाइलच्या मागच्या पानावर पडून.

आता आकाराचं. फायब्रॉइडमध्ये गाठ किती मोठी आहे यापेक्षा ती कुठे आहे हे खूपदा जास्त महत्त्वाचं असतं. बाहेरच्या बाजूला असेल तर बरीच मोठी झाली तरी पाळीवर काही फरक पडत नाही, मग फार तर लघवीला सारखं जावं लागतं, पोट जड वाटतं, बद्धकोष्ठ होतं. भिंतीच्या आत असेल तर त्रास होईल किंवा होणारही नाही. पण आतल्या पोकळीत डोकावणारी गाठ दीड-दोन सेंटीमीटरची असली तरी भरपूर रक्त घालवते, रस्त्याकडेला मोठा धोंडा पडलेला चालतो पण चपलेतला खडा चालू देत नाही तसं. ताईंच्या रिपोर्टमध्ये ५.२ ची गाठ भिंतीत होती आणि १.८ ची एक आत पोकळीकडे सरकलेली, त्या ओळीखाली मी पेनाने रेघ मारली आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न ताईंच्याच अक्षरात लिहून घेतले, की रक्त नेमकं कोणत्या गाठीमुळे जातंय, पिशवी ठेवून काय काय करता येईल, सहा महिने थांबले तर काय होईल, आणि पिशवी काढलीच तर अंडाशय ठेवणार का. शेवटचा प्रश्न बायका विचारतच नाहीत. नुसती पिशवी काढली तर पाळी बंद होते पण अंडाशय आपलं काम करत राहतात, तेही काढले तर मेनोपॉज एकदम अंगावर येतो, हा फरक आधी माहीत असायला हवा ना.

डॉक्टरांनी आधी शिरेतून आयर्न दिलं, कारण एवढ्या कमी रक्तावर घाई नसलेलं ऑपरेशन करायचंच कशाला, आणि पाळीच्या दिवसांत रक्त कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या. चाळिशीनंतर इतकं रक्त जात असेल तर आतल्या अस्तराचा तुकडाही बऱ्याचदा तपासतात, तोही तपासला, ठीक आला. मग ती आतली छोटी गाठ दुर्बिणीने योनीमार्गातूनच काढली, पोटावर टाका नाही, त्याच दिवशी घरी. ५.२ ची तशीच ठेवली. काही महिन्यांनी हिमोग्लोबिन अकराच्या वर, पाळी पाच दिवसांवर. जाऊबाई अजून विचारतात म्हणे, "मोठी गाठ काढलीच नाही?"

प्रत्येकीचं असंच होईल असं नाही हं. कोणाला हार्मोनची कॉपर-टीसारखी दिसणारी कॉइल बसवतात, पण आतली पोकळी वेडीवाकडी असेल तर ती निसटू शकते. गाठ तात्पुरती आकसवणारी इंजेक्शनं असतात, बहुतेकदा ऑपरेशनच्या आधी देतात, बंद केली की गाठ परत वाढते. गाठीचा रक्तपुरवठा बंद करायची एम्बोलायझेशन पद्धत आहे, पुढे मूल हवं असेल तर तिच्याबद्दल आधी नीट बोलून घ्यायचं. नुसत्या गाठी काढून पिशवी ठेवता येते पण नव्या गाठी होऊ शकतात. पन्नाशी जवळ असेल आणि त्रास थोडा असेल तर थांबणं हाही उपचारच, पाळी गेल्यावर गाठी सहसा आकसतात. आणि पिशवी काढणं चुकीचं असं माझं अजिबात म्हणणं नाही, एक ताई सगळं समजून घेऊन, वर्षानुवर्षं त्रास काढून मग त्याच ऑपरेशनला गेल्या आणि खुश आहेत. माझा आक्षेप एवढाच की आकडा ऐकून भीतीने तारीख घेऊ नये. गाठ विरघळवतो सांगून पुड्या विकणाऱ्यांवर मात्र मला खरंच राग येतो, गाठ तिथेच राहते आणि तेवढे महिने रक्त जात राहतं.

शेवटच्या वेळी ताईंनी मुलीचं विचारलं, आईला असेल तर मुलीला होतं का? शक्यता वाढते, पण काही त्रास नसताना उगाच सोनोग्राफी करत बसायची गरज नाही. तिची पाळी किती दिवस जाते, रात्री उठून पॅड बदलावं लागतं का, एवढं मोकळेपणी विचारा म्हटलं. आठवड्याने फोन आला की मुलीलाही सात-आठ दिवस जातं आणि थकवा असतो, म्हणून आता तिचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करायला सांगितलंय.