विमानाने थेट लेहला जातोय. आई-बाबांना विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून काय करावं?

चोपड्याहून साठीच्या आई-बाबांना घेऊन जूनमध्ये निघताय, पाच रात्रींचं पॅकेज आहे आणि कापराच्या पुड्या बांधून झाल्यात, असं तुम्ही लिहिलंय. कापूर राहू द्या. त्याने नाक मोकळं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. आधी पॅकेजचा कागद काढा आणि दुसऱ्या रात्री झोपायला कुठे नेताहेत ते बघा.

आम्ही भुसावळकर. 45 अंशांत वरातीत नाचणारे, आम्हाला काय होणार! माझ्या साडूंनी लेहला उतरल्या दुपारीच बाजार पालथा घातला. संध्याकाळी डोकं धरलं तर म्हणाले पित्त असेल, "काही नही व्हस रे भो." दुसऱ्याच रात्री ट्रॅव्हलवाल्याने मुक्काम ठेवला होता पँगाँग सरोवराकाठी, म्हणजे 4,200 मीटरच्या वर. रात्रभर उलट्या, पहाटे चालताना झोक जायला लागला. अशा वेळी खाली उतरवणं हाच खरा उपाय. पण पँगाँगहून लेहला यायचं तर आधी 5,300 मीटरच्या आसपासची चांग ला खिंड चढावी लागते, हे आम्हाला तेव्हा कळलं! कॅम्पातलं ऑक्सिजनचं नळकांडं लावून कसंबसं आणलं. पुढचे दोन दिवस दवाखान्यात.

जळगाव जेमतेम 200 मीटरवर, लेह 3,500 वर. आपलं तोरणमाळसुद्धा साधारण 1,150. हवेत ऑक्सिजनचा वाटा लेहलाही 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रकाठच्या दोनतृतीयांशावर येतो, म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर श्वास वाढवून जुळवून घेतं, त्याला दोन-तीन दिवस लागतात. विमान तेच दिवस खाऊन टाकतं. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्यालाही यातून सूट नाही.

म्हणून पहिल्या दोन रात्री लेहलाच. पहिला दिवस अक्षरशः लोळायचं, शांतिस्तूपाच्या पायऱ्यासुद्धा नकोत. मग नुब्रा खोरं: वाटेत खारदुंग ला खिंड 5,359 मीटरवर आहे, तिथे फोटो काढून लगेच निघा, पण मुक्कामाचं गाव हुंदर लेहपेक्षा खाली आहे. दिवसा किती उंच गेलो यापेक्षा रात्री कुठे झोपलो ते महत्त्वाचं. पँगाँग शेवटी ठेवा आणि जमलं तर त्याच दिवशी परत या. दमणूक होते, पण झोप लेहला. मी तुमच्या जागी असतो तर आई-बाबांना घेऊन तिथे मुक्काम केलाच नसता. सुट्टी वाढवता आली तर श्रीनगर-कारगिल रस्त्याने जा, चढ हळूहळू होतो.

डायमॉक्स ही विरळ हवेच्या त्रासावरची गोळी बरेच जण घेतात. साधारणपणे 250 मिलिग्रॅमची अर्धी गोळी सकाळ-संध्याकाळ, निघायच्या आदल्या दिवसापासून. लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात. पण सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नको, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही टाळा. पाणी तहानेपुरतं, उगाच पोट फुगेपर्यंत नको. शेवभाजीची तर्री दोन दिवस राहू द्या.

कोरोनातला ऑक्सिमीटर घरात पडला असेल तर घ्या, पण लेहला 88 दिसलं म्हणून घाबरू नका, निरोगी माणसाचंही तिथे तेवढं येतं. आकड्यापेक्षा माणूस बघा. सहल बिघडू नये म्हणून आपली म्हातारी माणसं दुखणं लपवतात, तेव्हा रोज संध्याकाळी खोदून विचारा: डोकं दुखतंय का, जेवण गेलं का? नुसतं डोकं दुखत असेल तर पॅरासिटामॉल द्या, आराम करू द्या आणि दुखणं थांबेपर्यंत आणखी वर नेऊ नका. पण बसल्या जागी धाप लागली, खोकल्यात फेस आला, बोलणं असंबद्ध झालं किंवा सरळ रेषेत चालता येईना, तर सकाळची वाट बघायची नाही. ऑक्सिजन लावून त्याच रात्री दवाखाना गाठा, बुकिंग बुडालं तर बुडू द्या.