पावडरीला आयरिसचा वास येतो, आयरिसला पावडरीचा नव्हे

तुमचा प्रश्न असा, की सगळे नावाजतात म्हणून प्राडाचं ‘इन्फ्युजन द’आयरिस’ हे अत्तर वास न घेताच मागवलं आणि पहिल्याच दिवशी घरातून शेरा आला, ‘कुठल्या आजीची पावडर लावून निघालास?’ तेव्हापासून तुम्हालाही पावडरीपलीकडे काही जाणवेना. वर दहा मिनिटांत वास गायब. एवढे पैसे घालून लोक यात बघतात तरी काय?

घरच्यांचं नाक चुकलेलं नाही. फक्त नातं उलटं लावलंय. आयरिस या फुलझाडाच्या वाळलेल्या गड्ड्याची पूड, म्हणजे ऑरिस, युरोपात शेकडो वर्षं केसांच्या टोपांवर भुरभुरायच्या पावडरीत, दंतमंजनात आणि कपड्यांच्या पेटीत ठेवायच्या पुरचुंड्यांत पडत आली. पुढे १८९३ साली टीमान आणि क्र्यूगर हे दोन जर्मन रसायनतज्ज्ञ व्हायोलेटच्या फुलांच्या वासाच्या मागे लागले. ती फुलं परवडेनात, म्हणून त्यांनी तसाच वास असणारा ऑरिस अभ्यासाला घेतला. त्यातला मुख्य रेणू ‘आयरोन’. तो बनवायच्या खटपटीत त्यांच्या हाती लागला त्याचा सख्खा भाऊ, ‘आयोनोन’. आणि हा बनतो कशापासून? सिट्रालपासून, म्हणजे आपल्या गवती चहाला ज्याच्यामुळे लिंबाचा वास येतो त्यापासून. तेव्हापासून हा वास स्वस्त झाला आणि साबण, फेस पावडर, लिपस्टिक सगळ्यांत शिरला. त्यामुळे ‘मेकअपच्या पेटीचा वास’ हे वर्णन बरोबरच आहे. पेटीने तो आयरिसकडून उसना घेतलाय, एवढंच.

पण उसन्यात आणि मुळात फरक आहे. तो मला कळला तो अत्तरामुळे नाही, एका वाळक्या तुकड्यामुळे.

माझी मामेबहीण फ्लॉरेन्सला गेली होती, तिने तिथून ऑरिसचे दोन तुकडे आणले. पांढुरके, खडूसारखे कोरडे, सोललेल्या सुंठेच्या आकाराचे. घरी तेव्हा बाळ होतं आणि आत्या बाळगुटी उगाळत बसली होती. तिने तुकडा उचलून पाहिला. ‘अगं, वेखंड आणायला एवढ्या लांब कशाला गेलीस?’ मग नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाली, ‘नाही. वेखंड झोंबतं. हे गप्प आहे.’

आयरिसवर मी पानंच्या पानं वाचली आहेत, पण ‘हे गप्प आहे’ याच्यापुढे कुणी गेलेलं नाही. (फसलेली आत्या पहिली नव्हे. युरोपातल्या पिवळ्या आयरिसचं शास्त्रीय नावच ‘आयरिस स्यूडॅकोरस’, आणि अकोरस म्हणजे वेखंड. थोडक्यात, तोतया वेखंड. शिवाय तिकडेही दात येणाऱ्या बाळांना ऑरिसचा तुकडा चघळायला द्यायचे.)

गुटी झाल्यावर मी सहाण धुऊन घेतली आणि तो तुकडा थेंबभर पाण्यात उगाळला. सुरुवातीला निराशा: ओलं पीठ, कच्चा बटाटा. मग गाजर सोलल्यावर बोटांना राहतो तो मातकट गोडवा. सहाण वाळत आली तसा वर एक गार, निळसर, फुलासारखा वास तरंगायला लागला, आणि पूर्ण कोरडी झाल्यावर राहिली ती पावडर. पण तुमच्या-माझ्या डोक्यात पावडर म्हटल्यावर जी गुलाबी गोड डबी येते, ती नाही. या पावडरीत साखर नव्हती. चुना दिलेली भिंत वाळताना येतो त्या जातीचा कोरडेपणा होता. मोगरा, केवडा, हीना हे आपले वास दारातून हाका मारत येतात. आयरिस कोपऱ्यात बसून राहतो, आणि आपणच उठून त्याच्याकडे जायचं असतं.

किमतीचं म्हणाल तर तीही याच गड्ड्यात आहे. फुलाचा इथे काही संबंध नाही. इटलीतल्या टस्कनीत, कियांतीच्या टेकड्यांवर ‘आयरिस पॅलिडा’ लावतात, मोरोक्कोत ‘जर्मॅनिका’. साधारण तीन वर्षांनी गड्डे खणतात, सोलतात, वाळवतात. तेव्हा त्यांना धड वास नसतो. मग ते आणखी तीनेक वर्षं नुसते ठेवून द्यायचे. त्यातले इरिडाल नावाचे पदार्थ हवेशी हळूहळू संयोग पावतात आणि त्यांचे आयरोन बनतात. मुरलेला गड्डा दळून वाफेवर अर्क काढला, की एक टन मालातून दोनेक किलो ‘ऑरिस बटर’ मिळतं. बटर अशासाठी, की त्यात मिरिस्टिक आम्ल हा वास नसलेला मेद भरपूर असतो आणि खोलीच्या तापमानाला ते थिजतं. हे आम्ल वेगळं काढलं की उरतो तो ‘अ‍ॅब्सोल्यूट’, म्हणजे निव्वळ वासाचा अर्क, आणि त्याची किंमत सांगून तुमचा दिवस खराब करत नाही. प्रत्येक बाटलीत तो ओतलेला असतो असं समजू नका. बहुतेकांत नावापुरता खरा ऑरिस, बाकी आयोनोनची मंडळी आणि मस्क, म्हणजे कस्तुरीच्या जातीचे वास, असा संसार असतो. त्यात गैर काही नाही.

आता ‘दहा मिनिटांत गायब’. बाटली खोटी आहे या शंकेकडे जाण्याआधी हे वाचा. आयोनोन घराण्याची ही जुनी खोड आहे: नाक त्याला लवकर थकतं, वास नाहीसा होतो, आणि तुम्ही दुसऱ्या कामाला लागलात की शर्टाच्या कॉलरमधून परत डोकावतो. शिवाय बीटा-आयोनोन कुणाला किती जाणवतो हे माणसामाणसांत जनुकामुळेही बदलतं. तुम्हाला येईना म्हणून आठ फवारे मारलेत, तर शेजारच्या टेबलावरच्याला पावडरीचा कारखाना लागल्यासारखं होईल. दोन बास. एक छातीवर, एक सुती कपड्यावर. मनगटावर मारून दर दोन मिनिटांनी हुंगणं बंद करा, त्याने नाक आणखी बधिर होतं.

आणि ऋतू. मे महिन्यात, घामात, हे अत्तर मारून त्याला नावं ठेवणं म्हणजे भर उन्हात शाल पांघरून शालीला दोष देणं. मी माझं पहिलं आयरिस असंच नापास केलं होतं. २००५ चं ‘डिऑर ओम’, ऑलिव्हिए पोल्जचं. विमानतळावर कागदी पट्टीवर मारलं, ‘हे तर लिपस्टिक’ म्हणून नाक मुरडलं आणि पट्टी हातातल्या पुस्तकात खोचली. चार दिवसांनी पुण्यात पाऊस लागला होता, पुस्तक उघडलं, आणि त्या दमट हवेत पानांतून असा काही गार, कोको लावल्यासारखा कोरडा वास आला की मी पुस्तक बाजूला ठेवून पट्टीच वाचत बसलो. तेव्हापासून पावसाळा, थंडी किंवा दिवसभर एसीतलं ऑफिस, एवढ्यातच मी आयरिस काढतो.

तुमच्या हातातली बाटली वाईट नाही, उलट सुरुवातीला हीच बरी. २००७ सालची, दानिएला आंद्रिएची रचना. आयरिसच्या भोवती नेरोली म्हणजे संत्र्याच्या जातीच्या फुलांचा अर्क, गॅल्बानम या डिंकाची हिरवी कडवट छटा, सीडारचं लाकूड, धूप, खाली बेंझोइन हा गोडसर वासाचा डिंक. धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखा स्वभाव. घरच्यांनी पकडलेली ‘आजी’ बेंझोइन आणि आयरिस एकत्र आल्यावर येते, ती तासाभरात निवळते. आयरिस साखर चढवल्यावर कसा होतो हे बघायचं तर २०१२ चं लँकोमचं ‘ला वी ए बेल’ हुंगा. ते मॉलमध्ये फुकट हुंगता येतं आणि मला तिथेच ठेवावंसं वाटतं. उलट टोकाला शनेलचं ‘नंबर १९’: हिरवं, ताठ, कुणाचं न ऐकणारं. आणि अगदी गोठलेला, मातीचा, गाजराचा आयरिस हवा असेल तर सर्ज ल्युटान्सचं १९९४ चं ‘आयरिस सिल्व्हर मिस्ट’. पण ते डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढलेली छोटी कुपी, घेऊनच, आणि लग्नाला जाताना नको. डिऑर ओम घेणार असाल तर बाटलीचं वर्ष नीट विचारा. २०२० मध्ये त्याच नावाखाली आलेलं अत्तर वेगळंच, लाकडी आहे. आयरिससाठी ते घेऊन पस्तावलेले मला दोघं-तिघं तरी माहीत आहेत.

तूर्त काही नवं घेऊ नका. हीच बाटली आठवडाभर कपाटात ठेवा, मग एखाद्या पावसाळी संध्याकाळी, घरी कुणी नसताना, जुन्या सुती सदऱ्यावर एकच फवारा मारा आणि चहा टाकायला जा. चहा गाळताना काय जाणवलं ते इथे येऊन लिहा. तरीही आजीच आली, तर बाटली मला दाखवा, अर्ध्या किमतीत घेईन. आत्याने माझा दुसरा तुकडा वेखंडाच्या डब्यात टाकलाय आणि आता तो परत द्यायला ती तयार नाही.