फर्मवेअरवर आर्च एरर आली तर

अरे, योक्टोत (एम्बेडेड लिनक्सची इमेज बनवायचं साधन) आर्च एरर, म्हणजे ‘फाइल भलत्याच प्रोसेसरसाठी बनलीय’ अशी तक्रार, आली की आधी त्या फाइलवर ‘रीडएल्फ’ चालवून ती कोणत्या प्रोसेसरची आहे ते बघ. बोर्ड ६४-बिट आर्मचा, पण फर्मवेअर त्यातल्याच कॉर्टेक्स-एम या छोट्या प्रोसेसरसाठी बनलेलं असेल, तर तक्रार येणारच. तिथे ती तक्रार चुकीची आहे. त्या पॅकेजपुरतं इन्सेन_स्किपमध्ये (वगळायच्या तपासण्यांची यादी) ‘आर्च’ टाक, आणि फाइल आधीच स्ट्रिप केलेली (डीबगची माहिती काढून टाकलेली) असेल तर ‘ऑलरेडी-स्ट्रिप्ड’ही. डिस्ट्रोच्या, म्हणजे सगळ्या पॅकेजांना लागू होणाऱ्या, कॉन्फिगमधून ही तपासणीच काढून टाकायचा मोह होईल, पण मग उद्या एक्स८६ची (पीसीच्या प्रोसेसरची) लायब्ररी इमेजमध्ये शिरली तरी कोणी हटकणार नाही. म्हणून फर्मवेअरचं पॅकेज वेगळंच ठेव, म्हणजे सूट त्याच्यापुरतीच राहील.

स्ट्रिपिंगही तिथे बंद कर, इनहिबिट_पॅकेज_स्ट्रिप १ करून. सही केलेल्या फाइलचा एक बाइट जरी हलला तरी चिप ती लोड करत नाही, आणि बिल्ड मात्र हिरवीगार दिसते! स्किपच्या वर कारणाची एक ओळ कॉमेंटमध्ये लिही.